नेपच्यूनएवढ्या ग्रहाला सोबत आहे का?

८ जून २००४ हा दिवस तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मृगाचे ढग आभाळात गोळा होऊ लागले होते. तरीही शाळांच्या मैदानांवर, इमारतींच्या गच्च्यांवर माणसं जमली होती. कुणाच्या डोळ्यांवर सूर्य पाहायचे काळे चष्मे होते, कुणी छोट्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घेतली होती. पावणेअकराच्या सुमारास सूर्याच्या कडेवर एक बारीक काळा ठिपका चढला आणि पुढे सहा तास तो सूर्यबिंबावरून सरकत राहिला. ते होतं शुक्राचं अधिक्रमण. त्याआधीचं १८८२ मध्ये झालं होतं, त्यामुळे बघणाऱ्यांपैकी कुणाच्याही आठवणीत ते असणं शक्य नव्हतं.

आता अशी कल्पना करा, की त्या दिवशी तुम्हाला तो ठिपका दिसतच नव्हता. तुमच्याकडे फक्त सूर्याचा एकूण प्रकाश मोजणारं एक उपकरण होतं. मग तुम्हाला शुक्राचा पत्ता लागला असता का? शुक्राचा व्यास सूर्यबिंबाच्या व्यासाच्या सुमारे बत्तिसाव्या भागाएवढा दिसत होता. बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे साधारण एक हजार. तेव्हा शुक्राने सूर्याचा हजारातला एक भाग प्रकाश अडवला होता. उपकरण पुरेसं नाजूक असतं, तर ही घट त्यात उमटली असती. घट किती झाली त्यावरून शुक्र केवढा आहे हेही सांगता आलं असतं. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह शोधण्याची आणि मोजण्याची ही आज एक मुख्य रीत आहे.

योगायोग असा, की त्याच वर्षी ३१ ऑगस्टला अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी एका नव्या ग्रहाची बातमी जाहीर केली. त्या ग्रहाची गोष्ट मला आज सांगायची आहे. तो सापडल्यानंतर वीस वर्षं त्याच्या मागे किती माणसं, किती दुर्बिणी लागल्या, आणि त्याला भावंडं आहेत का हे शोधताना शास्त्रज्ञांना आपलेच शब्द दोनदा मागे कसे घ्यावे लागले, याची ती गोष्ट आहे.

हा ग्रह ज्या ताऱ्याभोवती फिरतो त्याचं नाव ग्लीझ ४३६. विल्हेल्म ग्लीझ या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांची यादी केली होती, त्या यादीतला हा ४३६ वा. तो सिंह तारकासमूहात आहे, आपल्यापासून सुमारे ३२ प्रकाशवर्षं अंतरावर. आकाशाच्या हिशोबाने हे शेजारचं घरच झालं. पण तारा लहानखुरा आहे, तांबूस आहे. त्याचं वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही सूर्याच्या निम्म्याहून थोडी कमी. त्याचा प्रकाश इतका मंद, की नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

पॉल बटलर, स्टीव्हन व्होग्ट, जेफ्री मार्सी आणि त्यांचे सहकारी हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीतून या ताऱ्याचा वर्णपट वर्षानुवर्षं घेत होते. त्यांना ग्रह दिसला नाही. दिसलं ते ताऱ्याचं डोलणं. आजोबा आणि छोटी नात फुगडी घालतात तेव्हा नात मोठ्या वर्तुळात गरगर फिरते, पण आजोबांचे पायही जागच्या जागी स्थिर राहत नाहीत, तेही एका लहानशा वर्तुळात फिरतात. तसंच ग्रह आणि ताऱ्याचं असतं. तारा आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या प्रकाशाची लांबी किंचित आखूड होते, दूर जातो तेव्हा किंचित वाढते. ग्लीझ ४३६ सेकंदाला सुमारे अठरा मीटर वेगाने पुढेमागे होत होता. ताशी पासष्ट किलोमीटर. आपल्याकडे घाट उतरून सपाटीला लागलेली एसटी साधारण या वेगाने जाते. ३२ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा एसटीएवढा वेग मोजता येतो, ही गोष्ट नुसती ऐकून सोडून देण्यासारखी नाही.

या डोलण्यावरून दोन गोष्टी कळल्या. एक, ग्रहाचं वर्ष. ते २ दिवस, १५ तास आणि सुमारे २७ मिनिटांचं निघालं. तिथे सोमवारी सकाळी सहाला पाडवा साजरा केला, तर पुढचा पाडवा बुधवारी रात्री साडेनऊला! दुसरी गोष्ट, ग्रहाचं वस्तुमान निदान एकवीस पृथ्व्यांएवढं असावं. आपला नेपच्यून सतरा पृथ्व्यांच्या वस्तुमानाचा आहे. तोपर्यंत सूर्यमालेबाहेर सापडलेले बहुतेक ग्रह गुरूसारखे अवाढव्य होते. नेपच्यूनच्या मापाचे ग्रह त्याच उन्हाळ्यात पहिल्यांदा हाती लागायला लागले होते.

मी 'निदान एकवीस' म्हटलं, त्यातला 'निदान' हा शब्द महत्त्वाचा. वर्णपटातून ताऱ्याचा फक्त आपल्या दिशेचा वेग कळतो. ग्रहाची कक्षा आपल्याला कडेने दिसत असेल तर सगळा वेग मोजला जातो, तिरकी असेल तर त्यातला काही भाग निसटतो. म्हणजे ग्रहाचं खरं वजन जास्तही असू शकतं. शिवाय वजन कळलं तरी तो लोखंडाचा गोळा आहे, बर्फाचा आहे की वायूचा फुगा आहे, हे कळत नाही. त्यासाठी आकार कळायला हवा, आणि आकार कळण्यासाठी शुक्रासारखंच अधिक्रमण व्हायला हवं. बटलर यांच्या गटाने २००४ मध्ये तेही तपासलं होतं, पण तेव्हा अधिक्रमण हाती लागलं नाही.

ते सापडलं २००७ मध्ये, आणि तेही मोठ्या दुर्बिणीला नव्हे. स्वित्झर्लंडच्या डोंगरात सें-ल्यूक नावाचं एक गाव आहे. तिथल्या वेधशाळेत साठ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण आहे. मिशेल गियों आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिच्यातून ग्लीझ ४३६ चा प्रकाश थोडा उतरलेला दिसला. मग इस्राएल आणि चिलीमधल्या दुर्बिणींनी त्याला दुजोरा दिला. घट किती? शंभर रुपयांतले सत्तर पैसे. दर फेरीत सुमारे तासभर तेवढा प्रकाश कमी व्हायचा. या ग्रहाचा मार्ग ताऱ्याच्या बिंबाच्या मधोमध नाही. दाराच्या चौकटीला अंग घासत कुणी जावं, तसा तो ताऱ्याच्या कडेजवळून जातो. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामी येणार आहे.

सत्तर पैशांच्या घटीवरून ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या सुमारे बारावा भाग आहे हे कळलं. पहिला हिशोब आला २५,२०० किलोमीटर, अधिक-उणे २,२०० किलोमीटर. नेपच्यूनची त्रिज्या विषुववृत्तापाशी सुमारे २४,८०० किलोमीटर आहे. म्हणजे हा खरोखरच नेपच्यूनएवढा ग्रह. वजन आणि आकार जमेला धरून घनता काढली, तेव्हा तो मुख्यतः पाण्याच्या बर्फाचा असावा असं वाटलं. ताऱ्याच्या इतक्या जवळ बर्फ कसा, असं तुम्ही विचाराल. ग्रहाच्या पोटात दाब प्रचंड असतो. त्या दाबाखाली पाणी शेकडो अंश तापलं तरी घट्टच राहतं. तेव्हा वर्तमानपत्रांनी 'गरम बर्फाचा ग्रह' अशा बातम्या दिल्या होत्या.

पण ते 'अधिक-उणे २,२००' शास्त्रज्ञांना स्वस्थ बसू देईना. त्याच वर्षी जूनअखेर स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात हे अधिक्रमण टिपलं. ड्रेक डेमिंग यांच्या गटाच्या हिशोबात त्रिज्या २७,६०० किलोमीटर निघाली. दोन-अडीच हजार किलोमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढली की आकारमान तीस टक्क्यांहून अधिक वाढतं, आणि वजन तेच असेल तर घनता तितकी खाली येते. मग नुसत्या बर्फाने हिशोब जुळेना. वर हायड्रोजन आणि हीलियमचं जाड आवरण असल्याशिवाय ग्रह एवढा फुगलेला असणार नाही, हे मान्य करावं लागलं. मोजमाप थोडं सुधारलं आणि ग्रहाची सारी जातकुळीच बदलली.

इथे एक अडचण होती, ती आजही अशा प्रत्येक ग्रहाच्या बाबतीत असते. प्रकाशाची घट ग्रह आणि तारा यांचं फक्त गुणोत्तर सांगते. ताऱ्याची त्रिज्या चुकली तर ग्रहाचीही तेवढीच चुकते. तराजू कितीही चांगला असला, तरी मापातच खोट असेल तर काय उपयोग? म्हणून मग काही शास्त्रज्ञांनी ताराच थेट मोजायचं ठरवलं. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर एकेक मीटरच्या सहा दुर्बिणी एकत्र जोडून एका विशाल दुर्बिणीसारख्या वापरल्या जातात. त्यांच्या मदतीने ग्लीझ ४३६ च्या बिंबाचा व्यास मोजला गेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो व्यास आकाशात केवढा दिसतो? न्यूयॉर्कमध्ये कुणी अडीच सेंटिमीटरचं नाणं हातात धरावं आणि आपण ते मुंबईतून पाहावं, तेवढा. त्यावरून ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या साधारण ४५ टक्के ठरली, आणि ग्रहाची पृथ्वीच्या चौपटीहून थोडी अधिक.

स्पिट्झरच्या निरीक्षणांत आणखी एक गोष्ट दडलेली होती, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं. ग्रह ताऱ्याच्या पुढून जातो तसा अर्ध्या फेरीनंतर त्याच्या मागेही जातो. मागे गेला की त्याची स्वतःची ऊब आपल्यापर्यंत पोचत नाही, अवरक्त प्रकाशात किंचित घट दिसते. या घटीवरून ग्रहाच्या उजेडाच्या बाजूचं तापमान सुमारे ४४० अंश सेल्सिअस निघालं. पण खरी मौज वेळेची होती. कक्षा गोल असती, तर पुढून गेल्यापासून ३१ तास ४३ मिनिटांनी ग्रह मागे जायला हवा होता. प्रत्यक्षात तो सुमारे साडेपाच तास उशिरा गेला. म्हणजे कक्षा नक्कीच लांबट आहे. ग्रह ताऱ्यापासून सरासरी ४३ लाख किलोमीटरवर असतो, पण कधी तो ३७ लाखांपर्यंत जवळ येतो तर कधी ४९ लाखांपर्यंत दूर जातो.

आता यात आश्चर्य कसलं? तर एखादी तार हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवा, ती गरम होते. लांबट कक्षेत फिरणारा ग्रह ताऱ्याच्या जवळ आला की जास्त ताणला जातो, दूर गेला की सैल पडतो. समुद्राला भरती-ओहोटी येते तशी इथे सगळ्या ग्रहालाच येते. या ताणण्यात उष्णता तयार होते, ती ऊर्जा कक्षेतूनच खर्च होते आणि कक्षा हळूहळू गोल होत जाते. हा ग्रह आपल्या बुधाच्या मानाने तेरा-चौदा पट जवळ आहे. तारा अब्जावधी वर्षांचा आहे. एवढ्या काळात कक्षा केव्हाच गोल व्हायला हवी होती. ती झाली नाही, याचा सरळ अर्थ असा वाटला, की कुणीतरी तिला सतत धक्का देत आहे. म्हणजे तिथे दुसरा ग्रह असला पाहिजे!

अशा तर्काला खगोलशास्त्रात मोठी परंपरा आहे, आणि ती दुहेरी आहे. युरेनस आपल्या ठरल्या वाटेवरून किंचित ढळत होता. पॅरिसमध्ये ल व्हेरिए यांनी कागदावर गणित मांडलं आणि अज्ञात ग्रह कुठे असेल ते सांगितलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी दुर्बीण तिकडे वळवली, आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. याच ल व्हेरिएंना बुधाच्या कक्षेतही थोडा फरक आढळला. १८५९ मध्ये त्यांनी सांगितलं, की सूर्य आणि बुध यांच्यामध्ये आणखी वस्तुमान असणार. त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन असं नावही मिळालं. लोकांनी तो कित्येक दशकं शोधला, काहींना तो दिसलाही! पण तो नव्हताच. बुधाच्या चालीचं कोडं १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धान्ताने सोडवलं. पुरावा दोन्ही वेळा एकाच जातीचा, पण एकदा नेपच्यून मिळाला आणि एकदा व्हल्कन. ग्लीझ ४३६ पाशी यांतलं काय आहे, हाच प्रश्न होता.

२००८ मध्ये बार्सिलोनाचे इग्नासी रिबास आणि त्यांचे सहकारी उत्तर घेऊन पुढे आले. पाच पृथ्व्यांच्या वजनाचा एक ग्रह सुमारे ५.२ दिवसांत फेरी मारतो, असं त्यांनी सुचवलं. आधीच्या ग्रहाच्या दोन फेऱ्यांना लागतात ५.२९ दिवस. म्हणजे जवळपास दोनास एक असा मेळ. झोपाळ्याला योग्य वेळी छोटे छोटे धक्के दिले की झोका वाढत जातो, तसे या मेळामुळे आतल्या ग्रहाला धक्के बसत असणार. आणि आता तो चौकटीला अंग घासून जाण्याचा मुद्दा आठवा. अशा ग्रहाची कक्षा दुसऱ्याच्या ओढीने जराशी कलली, तरी अधिक्रमणाचा आकार आणि कालावधी लगेच बदलेल. या कल्पनेत लांबट कक्षेचं कोडं सुटत होतं, आणि जुन्या वेगमापनांतही त्यांना तसा संकेत सापडला होता. फक्त त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात एक प्रश्नचिन्ह होतं.

ते प्रश्नचिन्ह योग्य ठरलं. असा ग्रह असेल तर आपल्या ओळखीच्या ग्रहाचं अधिक्रमण दर वेळी ठरल्या क्षणी होणार नाही. रोज सहाला येणारा दूधवाला कधी पाच मिनिटं आधी, कधी पाच मिनिटं उशिरा येऊ लागला, तर वाटेत त्याला कुणीतरी थांबवतंय हे आपण ओळखतोच. निरनिराळ्या गटांनी अधिक्रमणाच्या वेळा नोंदवल्या. ग्रह आपला ठरल्या वेळी येत होता, अधिक्रमणाचा कालावधीही बदलत नव्हता. अधिक वेगमापनांतही तो संकेत टिकला नाही. त्याच वर्षी रिबास यांच्या गटाने आपला दावा मागे घेतला. काही महिन्यांपूर्वी आपण जाहीर केलेला ग्रह नाही असं आपणच सांगणं, याला धैर्य लागतं. पण ज्या मापांनी तो दावा पडला, त्याच मापांनी ओळखीच्या ग्रहाचं वर्ष सेकंदाच्या एका अंशापर्यंत अचूक कळलं. वर्षाच्या लांबीत आज एका सेकंदाची चूक असेल, तर शंभर फेऱ्यांनंतर ती शंभर सेकंदांची होते आणि लपून राहत नाही.

मग पाळी आली एका जुन्या यानाची. डीप इम्पॅक्ट हे यान ४ जुलै २००५ रोजी टेंपल-१ या धूमकेतूवर ३७० किलोचा गोळा आदळवून प्रसिद्ध झालं होतं. त्याच्या तीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीत एक दोष निघाला होता, तिचं चित्र धूसर यायचं. धूमकेतूचे फोटो काढायला हा दोषच. पण ताऱ्याचा प्रकाश मोजायला धूसरपणा उपयोगी पडतो, कारण प्रकाश एकाच बिंदूवर न पडता कॅमेऱ्याच्या अनेक बिंदूंवर पसरतो आणि मोजणी अधिक स्थिर होते. यान अंतराळात असल्याने मध्ये दिवस उजाडत नाही, ढग येत नाहीत. मे २००८ मध्ये सुमारे तीन आठवडे ते जवळपास सलग ग्लीझ ४३६ कडे पाहत राहिलं.

सारा बॅलर्ड आणि सहकाऱ्यांनी या नोंदी चाळून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ग्रहाची आणि ताऱ्याची मापं त्यांनी आणखी काटेकोर केली, आणि दुसऱ्या ग्रहाच्या अधिक्रमणाचा बारीक शोध घेतला. उत्तर होतं, काही सापडलं नाही. पण ते तेवढं म्हणून थांबले नाहीत. सापडलं नाही म्हणजे नेमकं काय नाही, हेही त्यांनी मोजलं. कसं, ते सांगतो. छापखान्यात एखादा मुद्रितशोधक किती पक्का आहे हे पाहायचं असेल, तर मजकुरात मुद्दाम शंभर चुका पेरायच्या आणि त्याने किती पकडल्या ते मोजायचं. त्याने पंच्याण्णव पकडल्या, तर त्याने 'चूक नाही' म्हटलेल्या पानावर किती विश्वास ठेवायचा हे आपल्याला कळतं. बॅलर्ड यांनी खऱ्या नोंदींमध्ये निरनिराळ्या मापांच्या ग्रहांची खोटी अधिक्रमणं पेरली आणि आपली पद्धत ती किती वेळा पकडते ते पाहिलं. त्यातून ठरलं, की या ग्रहाच्या आतल्या बाजूला ताऱ्यासमोरून जाणारा, पृथ्वीच्या दीडपटीहून मोठा ग्रह असण्याची शक्यता ९५ टक्के खात्रीने फेटाळता येते. त्याच वेळी त्यांनी हेही स्पष्ट केलं, की त्याच पातळीत पण थोडा बाहेर, म्हणजे सुमारे ३.४ दिवसांपेक्षा मोठ्या वर्षाचा ग्रह असेल, तर तो ताऱ्यासमोरून जाण्याची अपेक्षाच धरता येत नाही. आतलाच ग्रह कडेने जातो, तर बाहेरचा चौकटीबाहेरूनच जाणार.

यानंतरही आशा सुटली नाही. २०१२ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या केव्हिन स्टीव्हन्सन यांच्या गटाने स्पिट्झरच्या नोंदींत आणखी बारीक घटी पाहिल्या. पृथ्वीच्या दोन तृतीयांश आकाराचा, दीड दिवसाहून कमी काळात फेरी मारणारा एक ग्रह, आणि कदाचित त्याच्या जोडीला दुसराही असावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी या दोघांना ग्रह म्हटलं नाही, उमेदवार म्हटलं. मग स्टीव्हन्सन यांनीच हबल दुर्बिणीवर वेळ मागून घेतला आणि ज्या क्षणी त्या छोट्या ग्रहाने ताऱ्यासमोर यायला हवं, नेमक्या त्या वेळी पाहिलं. २०१४ मध्ये त्यांनी कळवलं, की तिथे काही दिसलं नाही. स्पिट्झरमधली ती घट बहुधा उपकरणाचीच खोड होती. आपल्याच उमेदवाराची अनामत आपणच जप्त करावी, तसं हे झालं.

मग कक्षा लांबट का राहिली? एक उत्तर असं, की ग्रहाचं पोट आपण समजतो तितक्या सहज तापत नसेल, ताणाची ऊर्जा कमी खर्च होत असेल आणि म्हणून कक्षा गोल व्हायला कितीतरी जास्त काळ लागत असेल. तसं असेल तर सोबत्याची गरजच उरत नाही. पण पुढच्या काळात आणखी दोन गोष्टी समोर आल्या. २०१५ मध्ये डेव्हिड एरेनराइख आणि सहकाऱ्यांनी हबलमधून हायड्रोजनच्या एका खास अतिनील प्रकाशात पाहिलं, तर अधिक्रमणाच्या वेळी शंभरातले सत्तर पैसे नाही, तब्बल छप्पन्न रुपये गायब! ग्रहावरून हायड्रोजन उडून जात होता आणि धूमकेतूच्या शेपटीसारखा भलामोठा ढग त्याच्याबरोबर फिरत होता. आणि २०१८ मध्ये व्हँसाँ बूरिए यांच्या गटाने दाखवलं, की ग्रहाची कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत नाही. ती जवळपास त्याच्या ध्रुवांवरून जाते.

ध्रुवांवरून जाणारी लांबट कक्षा. ग्रह तिथेच जन्मला असता, तर असं घडणं अवघड. त्यामुळे एक जुनी शंका नव्या रूपात परत आली. खूप दूर कुठेतरी एक मोठा ग्रह असेल, त्याने अब्जावधी वर्षं सावकाश ओढून याची कक्षा कलती केली असेल आणि त्याला मागाहून ताऱ्याजवळ आणून सोडलं असेल. असा सोबती ताऱ्यासमोरून जाणार नाही, अधिक्रमणाच्या वेळाही फारशा बिघडवणार नाही. आधीच्या सगळ्या शोधांच्या चाळणीतून तो आरामात निसटला असता. त्याच्या अस्तित्वावर अजून शिक्कामोर्तब झालेलं नाही.

तेव्हा वीस वर्षांच्या या खटाटोपातून मिळालं काय? एका ग्रहाचं वजन, त्रिज्या, वर्ष, तापमान, त्याचं आवरण, त्याची शेपटी, त्याच्या वाटेचा कल, एवढं सगळं आपल्याला आज माहीत आहे. आणि त्याच्या आसपास काय नाही, हेही बऱ्याच खात्रीने माहीत आहे. 'नाही' हे उत्तर ऐकायला रुक्ष वाटतं, त्याचे मथळे होत नाहीत. पण किती मोठं नाही, किती अंतरापर्यंत नाही आणि किती खात्रीने नाही, हे मोजून सांगितलं की पुढच्या माणसाला त्याच जागी पुन्हा शोधत बसावं लागत नाही. व्हल्कनच्या वेळी अशी मोजून सांगितलेली 'नाही' बराच काळ कुणाकडे नव्हती, म्हणून तो शोध इतकी वर्षं रेंगाळला.

या कामातली काही साधनं आता उरली नाहीत. डीप इम्पॅक्टचा संपर्क २०१३ मध्ये तुटला, स्पिट्झरचं काम जानेवारी २०२० मध्ये थांबवलं गेलं. ग्रहाला मात्र २०२३ मध्ये एक नाव मिळालं. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने अमेरिकेतल्या चेरोकी लोकांच्या भाषेतून तारा या अर्थाचं 'नोक्विसी' हे नाव ग्लीझ ४३६ ला आणि गरुड या अर्थाचं 'अवोहाली' हे नाव त्याच्या ग्रहाला दिलं.

चैत्र-वैशाखात रात्री नऊ-दहाच्या सुमारास अंगणात या. सिंह तारकासमूह तेव्हा डोक्यावर असतो. मघापासून सुरुवात करून सिंहाच्या शेपटाकडे, उत्तरा फाल्गुनीपर्यंत या. तिथून उत्तरेकडे, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोड्या जास्त अंतरावर, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसणार नाही अशी एक जागा आहे. एखाद्या आकाशप्रेमी मंडळाकडे चार इंची दुर्बीण असेल तर एक मंद तांबूस ठिपका दिसेल. त्याच्याभोवती अडीच-पावणेतीन दिवसांत एक नेपच्यून चक्कर मारतो आहे. तो एकटा आहे की नाही, ते अजून ठरायचं आहे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)